लॉन पिवळं पडतंय? युरिया बाजूला ठेवा, आधी खुरपं घ्या

ताई, तुम्ही विचारलंय की तळेगावच्या रो हाऊसपुढं ६०० स्क्वेअर फुटांचं लॉन आहे, दोन वर्षांपूर्वी सिलेक्शन वन गवताच्या तयार शीट आणून लावल्या, पहिलं वर्ष मस्त गेलं आणि आता एप्रिलमध्ये जागोजागी पिवळे पट्टे पडलेत, आंब्याखालच्या कोपऱ्यात तर गवत धरतच नाही. सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं पाईपनं पाणी चालू आहे, माळीदादा दर महिन्याला युरिया टाकतात, पंधरा दिवसांनी अगदी जमिनीलगत कापून देतात, तरी हिरवं काही होत नाही, मग काढून टाकून पेव्हर ब्लॉक बसवू का?

ब्लॉकचं नंतर बघू. मी पुण्यात आणि आसपास चोवीस वर्षं हेच काम करतोय, बंगले, सोसायट्या, दोन-तीन शाळांची मैदानं, आणि तुमच्यासारखं लॉन मला वर्षाला किमान वीस-पंचवीस वेळा बघायला मिळतं. गवत सहसा स्वतःहून मरत नाही हो. हरळी आहे ती. सिलेक्शन वन म्हणजे आपल्या बांधावरच्या हरळीतूनच निवडून काढलेलं बारीक पानाचं गवत. माझे वडील वावरातली हरळी खणून खणून थकायचे, तिच्या काशा, म्हणजे जमिनीखालून पसरणारी खोडं, उन्हात वाळवून जाळायचे तरी पहिल्या पावसात परत फुटायची. इतकं चिवट गवत तुमच्या दारात पिवळं पडतंय म्हणजे त्याच्या मुळाला खाली काहीतरी अडतंय, आणि ते वरून बघून कळत नाही.

म्हणून पहिलं काम. खुरपं आणि पहार घ्या, एक खड्डा पिवळ्या पट्ट्यात आणि एक जिथं गवत अजून बरं आहे तिथं, दोन्ही वीतभर रुंद आणि फूटभर खोल. बागेचं नुकसान होईल म्हणून घाबरू नका, माती परत दाबून पाणी दिलं की महिन्याभरात खूणही राहत नाही. मागच्या वर्षी बाणेरला एका बंगल्यात गेलो होतो, तिथं पिवळा पट्टा चक्क चौकोनी होता, कडा सरळ, जणू कोणी पट्टी ठेवून आखलाय. रोग असा चौकोनी पडत नाही. पहार मारली तर चार इंचावर टण्ण आवाज आला, उकरलं तर खाली प्लास्टरचा घट्ट झालेला माल, फरशीचे तुकडे, सिमेंटच्या दोन रिकाम्या गोण्या आणि त्यावर चार इंच लाल माती. बांधकामाच्या वेळी माल कालवायची जागा होती ती. मुळांना जागाच चार इंचाची, त्यात एप्रिलचं ऊन, माती सकाळी ओली आणि दुपारी तव्यासारखी. वर त्या सिमेंट-चुन्यामुळं मातीचा सामू, म्हणजे पीएच, चढतो आणि गवताला लोह मिळत नाही. नवीन बांधकामात हे इतकं सर्रास असतं की मी तर आता नवीन साईटवर पहार घेतल्याशिवाय लॉनबद्दल तोंडच उघडत नाही.

तुमच्याकडं राडारोडा निघाला तर जेवढा पट्टा पिवळा आहे तेवढाच दुरुस्त करायचा, सगळं लॉन उचलायची गरज नाही. फावड्यानं गवताची दोन इंच जाड खापरी अलगद काढून सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा, खालचं नऊ-दहा इंच उकरून राडा बाहेर काढा, आणि दोन घमेली लाल माती किंवा पोयटा (गाळाची माती), एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, एक घमेलं जाड वाळू या हिशोबानं भरा. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, वापरणार असाल तर धुऊन घ्या, तिच्यातली पूड सिमेंटसारखी बसते. भरून झालं की भरपूर पाणी सोडून दोन दिवस बसू द्या, भराव आजूबाजूपेक्षा इंचभर उंच ठेवा कारण तो दबणारच, आणि मग खापऱ्या परत बसवून पायानं दाबा. हे काम आत्ता भर उन्हात केलं तर पहिले दहा-बारा दिवस रोज पाणी लागेल, थांबता येत असेल तर जूनमध्ये पाऊस बसल्यावर करा.

राडा नाही निघाला तर खड्ड्याच्या भिंतीकडं नीट बघा. शीट उरुळी कांचन किंवा सोलापूर रोडच्या बाजूच्या नर्सरीतून आल्या असतील तर त्यांच्या खाली बऱ्याचदा दीड-दोन इंच काळ्या चिकण मातीचा थर येतो, आणि तुमची खालची माती लाल. दोन माती एकत्र न मिसळता थरावर थर बसल्या की पाणी वरच्या काळ्या थरात अडून राहतं, मुळंही तिथंच घोटाळत राहतात. खड्ड्यात हे डोळ्यानं दिसतं, वर काळी पट्टी, त्यात मुळांचं जाळं, आणि खाली लाल मातीत एखाददुसरा पांढरा दोरा. यावर उपाय म्हणजे भोकं पाडणं. गार्डन फोर्क किंवा टोकदार पहार घेऊन दर चार-पाच इंचावर चार-पाच इंच खोल भोक मारायचं, किंचित हलवायचं आणि काढायचं. ६०० फुटाला एका माणसाचा एक दिवस जातो, कंटाळवाणं काम आहे, माळी टाळाटाळ करतात, पण जवळ उभं राहून करून घ्या. वरून वाळू आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं मिसळून पाव इंचाचा थर द्यायचा, म्हणजे तुमच्या जागेला साधारण २८-३० घमेली, आणि खराट्याच्या उलट्या बाजूनं घासून ते भोकांत उतरवायचं. गवताची टोकं दिसत राहिली पाहिजेत, गवत पुरून टाकायचं नाही. हे जूनच्या शेवटी एकदा आणि जमलं तर फेब्रुवारी अखेरीस एकदा.

आता पाणी, कारण मला वाटतं तुमच्याकडं खरी गडबड इथं आहे, खाली राडा निघो न निघो. अर्ध्या इंची पाईपनं मिनिटाला १२-१५ लिटर पाणी येतं असं धरलं तर अर्ध्या तासात तुम्ही रोज ४०० लिटर ओतताय, आठवड्याला २८०० झालं. आणि तरी गवत तहानलेलं! कारण एका वेळचे २०० लिटर ६०० फुटावर पसरले की थर होतो जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा, तो वरची इंच-दीड इंच माती भिजवतो आणि दुपारपर्यंत उडून जातो. मुळं पाणी असेल तिथंच राहतात, त्यामुळं तीही वरच राहतात. हिशोब सोपा आहे, एका चौरस मीटरवर १ लिटर म्हणजे १ मिलिमीटर. तुमचं लॉन ५६ चौरस मीटर. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये या जातीच्या गवताला दिवसाला साधारण ४-५ मिलिमीटर लागतं, म्हणजे तीन दिवसांतून एकदा १२ ते १५ मिलिमीटर दिलं, ७०० ते ८५० लिटर, की भागतं. आठवड्याला दोन हजाराच्या आतच राहतं आणि पाणी खोल जातं. पाणी मोजायला श्रीखंडाचे चार-पाच रिकामे डबे लॉनवर वेगवेगळ्या जागी ठेवा, नेहमीसारखं पाणी मारा आणि पट्टीनं मोजा. डब्याडब्यात केवढा फरक पडतो बघून तुम्हाला धक्का बसेल, गेटजवळ दुप्पट आणि भिंतीच्या कोपऱ्यात थेंबभर, आणि पिवळा पट्टा बरेचदा नेमका त्या थेंबवाल्या डब्यापाशी असतो.

पण एकदम उद्यापासून तीन दिवसांतून एकदा करू नका, दोन वर्षं लाडावलेली मुळं आहेत ती, उन्हानं करपतील. आधी संध्याकाळचं पाणी बंद करून सकाळी एकदाच पण दुप्पट वेळ, आठवडाभर. मग एक दिवसाआड, दहा दिवस. मग तीन दिवसांनी. पाणी वाहून गटारात जायला लागलं तर थांबा, अर्ध्या तासानं परत द्या. पाणी सकाळीच द्यायचं, सहा-साताला, संध्याकाळी दिलं की पातं रात्रभर ओलं राहतं आणि पावसाळ्याच्या तोंडावर बुरशीला आमंत्रण. पाणी कमी पडतंय का हे गवत स्वतः सांगतं. पातं मिटून निळसर-करडं दिसायला लागतं, आणि चालून गेलात की पावलांचे ठसे उठून न येता तसेच दिसत राहतात. तसं दिसलं की द्या पाणी. आणि दिल्यावर तासाभरानं जुना लांब स्क्रूड्रायव्हर मातीत दाबा, सहज चार-पाच इंच गेला तर पाणी पुरेसं खोल उतरलं.

बोअरचं पाणी असेल तर त्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजून घ्या. आकडा १००० पीपीएमच्या वर असेल आणि उन्हाळ्यात मातीवर पांढरी पापडी दिसत असेल तर महिन्यातून एकदा नेहमीपेक्षा दुप्पट पाणी सोडून क्षार खाली धुवायला लागतात, पण निचरा असेल तरच त्याचा उपयोग, म्हणून ती भोकं आधी.

आता युरिया. माझी सुरुवातीची दोन वर्षं असतील, कोथरूडला एका वयस्कर बाईंच्या बंगल्यात सकाळी सातला मी मूठ भरून युरिया फेकला, दव पडलेलं होतं, पाणी नंतर देऊ म्हणून दुसऱ्या साईटवर गेलो. तिसऱ्या दिवशी गेलो तर लॉनवर माझ्या हाताचे फेक जसेच्या तसे करपून उमटले होते, कमानीसारखे तपकिरी पट्टे. त्या बाई एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या बघत उभ्या राहिल्या, ते मला अजून आठवतं. तेव्हापासून मोजल्याशिवाय आणि पातं कोरडं असल्याशिवाय मी खत टाकलेलं नाही. चौरस मीटरला १० ग्रॅम, सोप्या भाषेत १०० स्क्वेअर फुटाला १०० ग्रॅमपेक्षा थोडा कमीच, तुमच्या पूर्ण लॉनला एका वेळी साडेपाचशे ग्रॅम युरिया पुष्कळ झाला. तोही वाळूत मिसळून, अर्धा उभा आणि अर्धा आडवा फेकून, लगेच पाणी. वर्षातून तीनदा, पाऊस बसल्यावर, सप्टेंबर अखेरीस आणि फेब्रुवारी अखेरीस थंडी गेल्यावर. त्यातल्या एका वेळी युरियाऐवजी १५:१५:१५ हे मिश्रखत टाकलं तर स्फुरद-पालाशही मिळतं, ते मात्र युरियाच्या अडीच-तीन पट वजनानं लागतं. आत्ता उन्हात, मुळं कमजोर असताना, काही नको. दर महिन्याला युरिया टाकला की गवत भरभर वाढतं, मऊ होतं, खाली वाळक्या काड्यांची गादी साचते, आणि जुलैत त्याच गादीत बुरशी धरते.

आणि पिवळेपणा कुठला आहे ते तरी बघून ठरवा. पिवळ्या पट्ट्यातलं एक धाटं उपटा, उजेडाकडं धरा. खालची जुनी पानं पिवळी आणि शेंड्याचं नवं पान हिरवं असेल तर नत्र कमी आहे. उलट शेंड्याचं कोवळं पान फिकट, जवळजवळ पिवळट पांढरं, त्यात हिरव्या शिरांच्या बारीक उभ्या रेघा, आणि खालची जुनी पानं हिरवी, असं असेल तर लोह मिळत नाहीये. काळ्या चुनखडीच्या जमिनीत, बोअरच्या जड पाण्यावर आणि सिमेंटच्या राड्यावर हेच होतं, तिथं कितीही युरिया ओता, फरक पडत नाही. तिथं हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लागतं. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम सायट्रिक ऍसिड, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते, गाळून संध्याकाळी ऊन उतरल्यावर पंपानं फवारायचं. पाच-सहा दिवसांत रंग बदलतो, पंधरा दिवसांनी परत एकदा. संध्याकाळी पाणी नको म्हटलं आणि फवारा मात्र संध्याकाळी, कारण हा अगदी हलका असतो आणि उन्हात मारला तर पातं भाजतं. फक्त फरशी, पायऱ्या, पांढरी भिंत यांच्यावर थेंब उडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात आणि ते सहज निघत नाहीत. माती परीक्षण करता आलं तर जरूर करा, कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत होतं, सामू कळला की अर्धे प्रश्न सुटतात.

कापणीबद्दल माळीदादांशी तुम्हाला जरा ठाम बोलावं लागेल. पंधरा दिवस वाढू द्यायचं आणि मग टक्कल करायचं, याच्यानं दर वेळी सगळं पान जातं, खालच्या पांढऱ्या काड्या उघड्या पडतात, गवत मुळातला साठा खर्चून परत पान फोडतं आणि मुळं आखूड होत जातात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही, हा नियम मोडायचाच नाही. सिलेक्शन वन उन्हाळ्यात दीड इंच ठेवा, पावसाळ्यात एक-सव्वा इंच चालेल. म्हणजे आत्ता आठ-दहा दिवसांनी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाच-सहा दिवसांनी मशीन फिरलं पाहिजे. कापल्यावर दुसऱ्या दिवशी पात्याचं टोक जवळून बघा. सरळ कापलेलं हिरवं टोक असेल तर ब्लेडला धार आहे, टोकाला पांढरट झिरमिळ्या असतील तर ब्लेड पातं कापत नाही, ओरबाडतंय, आणि लांबून बघितलं की सगळं लॉन राखाडी दिसतं. दोन महिन्यांतून एकदा धार लावून घ्या. बारीक कापलेलं गवत तिथंच राहिलं तरी हरकत नाही, ते खतच आहे, ढीग मात्र ठेवू नका.

डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडला की हे गवत मंद होतं, रंग उतरतो, तो आजार नाही. तेव्हा खत-पाण्याचा मारा करू नका.

तणाचं तुम्ही विचारलं नाहीत पण पाऊस पडला की विचारालच. लव्हाळा दिसायला गवतच, पण बोटांच्या चिमटीत त्याची दांडी फिरवा, तीन धारा लागतात, गवताची दांडी गोल लागते. लव्हाळा नुसता उपटायचा नाही, वरून तुटतो आणि खाली गाठींची माळ राहते, एकाच्या जागी चार येतात. खुरप्यानं गाठीसकट काढा, अगदी सुरुवातीला, चार पानांवर असताना. फारच पसरला तर ऊसवाले वापरतात ते हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल तणनाशक आहे, लेबलवरचं प्रमाण काटेकोर पाळून. रुंद पानांची तणं, घोळ, आंबुटी, दुधी वगैरे, एवढ्या जागेत हातानं निघतात, टू फोर डी तणनाशक मारायच्या भानगडीत पडू नका, शेजारच्या गॅलरीतली टोमॅटोची रोपं वाकडी झाली की भांडण.

किडीत एकच लक्षात ठेवा, हुमणी. पिवळा पट्टा हातानं ओढून बघा, गालिच्यासारखा सुटून वर आला तर मुळं खाल्लेली आहेत, खाली इंग्रजी सी सारखी वाकलेली पांढरी जाड अळी सापडेल. वळवाचे पाऊस झाले की तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात आणि मग जमिनीत अंडी घालतात. कच्चं शेणखत म्हणजे तिचं माहेरघर, म्हणून मी वर पूर्ण कुजलेलं म्हटलं, हातात घेतलं तर भुसभुशीत आणि वास नको. जूनमध्ये मेटारायझियम बुरशीची पावडर कुजलेल्या खतात मिसळून ओल्या मातीवर द्या, सावकाश पण चांगलं काम करतं. आणि घरात कुत्रा असेल तर मधे करपलेला गोल आणि कडेनं गर्द हिरवी कड, असा डाग त्याच्या मूत्राचा असतो, तिथं लगेच बादलीभर पाणी ओतलं की झालं.

आंब्याखालच्या कोपऱ्याबद्दल स्पष्ट सांगतो, तिथं सिलेक्शन येणार नाही. त्याला सहा तास थेट ऊन लागतं. दरवर्षी शीट आणून पैसे घालवण्यापेक्षा तिथं स्पायडर प्लांट किंवा मोंडो ग्रास लावा.

राहिला पेव्हर ब्लॉकचा प्रश्न. बसवू नका, निदान या पावसाळ्यापर्यंत. मे महिन्यात पाणी आणि कापणी बदला, हिराकसाच्या दोन फवारण्या गरज असेल तर, जूनमध्ये खड्डे-भोकं-वाळू, आणि मग ऑगस्टमध्ये परत तसाच एक खड्डा करून मुळं मोजा. आत्ता दीड-दोन इंच असतील, पाच-सहा इंच पांढरी मुळं दिसली तर ब्लॉकचा विषय तुम्ही स्वतःच काढणार नाही. आणि माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांनी केलंय तसं एक करून बघा, कंपाउंडलगतची दोन फुटांची पट्टी आषाढापासून कापायचीच नाही असं माळीदादांना सांगून ठेवा. नेहमी मशीन फिरणाऱ्या लॉनमध्ये तीन पानांची दूर्वा मिळत नाही, मोकळ्या सोडलेल्या पट्टीत भाद्रपदापर्यंत जुड्याच्या जुड्या निघतात. फक्त त्या पट्टीवर हिराकस किंवा तणनाशकाचा फवारा जाऊ देऊ नका.